गव्हाणीपासून गोदामापर्यंत

कृष्णाकाठचा गळीत हंगाम सुरू झाला, की कराडपासून मिरजेपर्यंतच्या रस्त्यांचे रूप पालटते. उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या, मालमोटारी आणि अजूनही टिकून राहिलेल्या बैलगाड्या रात्रंदिवस कारखान्यांकडे सरकत असतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर, सांगलीचा वसंतदादांच्या नावाचा कारखाना, अशी ही नावे सातारा व सांगली जिल्ह्यांतील व्यापारी घराण्यांना परकी नाहीत. साखरेच्या निविदा भरणाऱ्यांना तर कोणत्या कारखान्याचा दाणा कसा पडतो, हे पोते उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला कारखाना ही एकच वस्तू भासते. एक धुराडे, एक भोंगा, एक फाटक. आत मात्र पाच-सहा निरनिराळी राज्ये नांदत असतात आणि त्यांच्या सीमांवर दररोज काही ना काही घडत असते.

उसाला स्वतःचे घड्याळ असते. कोयता लागला, की ते सुरू होते. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. त्यापुढे वजन घटते, साखरेचे विघटन होऊ लागते आणि जी साखर शेतकऱ्याने वर्ष-दीड वर्ष पाणी पाजून कांड्यांत साठवली, ती गव्हाणीत पडण्यापूर्वीच विरून जाते. उन्हाचा ताप वाढला किंवा फड पेटवून तोड झाली असेल, तर हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. या घड्याळावर कोणत्याही एका विभागाची सत्ता नाही. तोड शेती विभागाच्या हाती, वाहने वाहतुकीच्या करारदारांच्या हाती, मिल अभियांत्रिकी विभागाच्या हाती आणि रसाची साखर करणे हे मुख्य रसायनतज्ज्ञाच्या हाती. घड्याळ मात्र एकच असते.

शेती विभागाला वर्षानुवर्षे एकाच गोष्टीचा जाब विचारला जातो, तो म्हणजे गव्हाण रिकामी का राहिली. ऊस नाही म्हणून मिल थांबली, तर ती नामुष्की या विभागाच्या खात्यावर पडते. साहजिकच शहाणा शेती अधिकारी गरजेपेक्षा थोडा अधिक ऊस तोडून ठेवतो. वाहनतळावर ट्रॉल्यांची रांग दिसली, की त्याच्या जिवाला स्वस्थता लाभते. पण तीच रांग साखरेच्या उताऱ्याला मारक ठरते. रांगेत वाट पाहणाऱ्या उसातून किती साखर गेली, हे शेती विभागाच्या वहीत कोठेच उमटत नाही. ते उमटते प्रयोगशाळेत, आणि तेथे त्याचा जाब द्यावा लागतो मुख्य रसायनतज्ज्ञाला. या व्यवस्थेत कोणीही आळशी नाही की अप्रामाणिक नाही. शेती अधिकाऱ्याने आपले काम चोख केलेले असते. नेमके त्या चोखपणामुळेच नुकसान होते, हीच या विषयाची खरी गंमत आणि खरी वेदना आहे.

नुकसान किती, याचा हिशेब व्यापाऱ्याच्या पद्धतीने मांडून पाहावा. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना धरला, तर उताऱ्यातील ०.१ टक्का म्हणजे दिवसाला पाच टन, अर्थात पन्नास क्विंटल साखर. एकशेवीस दिवसांच्या हंगामात ती सहा हजार क्विंटल होते. २०१९ साली ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने धरले, तरी रक्कम एक कोटी शहाऐंशी लाखांवर जाते. आणि हे केवळ कारखान्याचे झाले. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढवून दिले. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे ०.१ टक्क्याने साडेतीन हजारांच्या आसपास रुपये जातात. दोन साहेबांचे आपसांत जमत नाही, याची किंमत बोरगाव-कुंडलच्या शेतकऱ्याच्या घरात, मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कात मोजली जाते. त्या दोन साहेबांना तो शेतकरी ओळखतही नसतो.

उसाच्या जातीचा प्रश्नही असाच. को ८६०३२ ही जात साखरेला चांगली, तर को-एम ०२६५ वजनाला भारी पण पक्व व्हायला वेळ घेणारी. शेतकऱ्याला टनेज हवे असते, म्हणून तो ०२६५ कडे वळतो. लागणीच्या तारखेची आणि जातीची नोंद गट कार्यालयात नीट झाली आणि त्या क्रमाने तोडणी झाली, तर दोन्ही जाती आपापल्या वेळी चांगला उतारा देतात. परंतु नोंदवही एकीकडे आणि तोडीची चिठ्ठी दुसरीकडे, असे झाले, की कच्चा ऊस गव्हाणीत येतो आणि पक्व ऊस शेतात तुऱ्यावर जातो. ज्याचा वशिला त्याची तोड, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. तिची चर्चा राजकारण म्हणून होते. वास्तविक ती दोन विभागांमधील तुटलेल्या दुव्याचीही तक्रार असते. प्रयोगशाळेने पक्वतेची चाचणी घेतलेली असते आणि तो कागद तोडीची चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या टेबलावर पोहोचलेला नसतो.

आता मिलकडे वळावे. शेवटच्या मिलपाशी उसाच्या चोथ्यावर गरम पाणी सोडतात, म्हणजे चोथ्यात अडकलेली उरलीसुरली साखर धुऊन निघते. रसायनतज्ज्ञाला हे पाणी अधिक हवे असते. अभियंता कुरकुरतो, कारण पाणी वाढले की भुसा ओला होतो आणि ओला भुसा बॉयलरमध्ये नीट पेटत नाही. शिवाय रसात मिसळलेले ते पाणी पुन्हा आटवायला वाफ लागते, आणि वाफ तर त्याच भुशातून निर्माण व्हायची. ज्या कारखान्यांनी सहवीजनिर्मिती प्रकल्प उभारले, तेथे या भांडणाला तिसरा भागीदार मिळाला. वीज विभागाला भुसा कोरडा आणि भरपूर हवा, कारण विजेचे युनिट हीच त्याची कमाई. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बिनतोड आहे. पाणी किती सोडायचे, याचे उत्तर या तिघांपैकी एकाच्याही वहीत सापडणार नाही. ते तिन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच दिसते. तशा त्या शेजारी ठेवल्या जातात का, यावर बरेचसे अवलंबून आहे.

इथेनॉलने तर जुनी मोजमापेच उलटी केली. बी-हेवी मळी किंवा उसाचा पाक आसवनीकडे वळवला, की साखरेचा उतारा कागदावर घसरतो. तो विभागाचा नालायकपणा नसून व्यवस्थापनाने केलेली निवड असते. तरीही ज्याने आयुष्यभर उताऱ्याच्या आकड्यावर शाबासकी मिळवली, त्या रसायनतज्ज्ञाला तो पाक आसवनीच्या नळातून जाताना पाहणे जड जाते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाचा रस व पाक इथेनॉलकडे वळवण्यास एकाएकी मनाई केली आणि नंतर ती काहीशी सैल केली. त्या आठवड्यांत आसवनी, साखर आणि हिशेब या तीन विभागांना एकत्र बसून रोज नवे गणित मांडावे लागले असणार, हे सांगायला आतल्या गोटातील माणसाची गरज नाही. ज्या संस्थेत हे तिघे आधीपासून एकमेकांशी बोलत होते, तिला तो फेरा निभावणे त्या मानाने सोपे गेले असणार.

कारखान्यात आणखी एक कागद असतो, ज्याची बाहेरच्या जगाला कल्पना नसते. मिल किती तास बंद राहिली आणि का, याची नोंद. प्रत्येक बंद तास कोणाच्या तरी नावावर टाकावा लागतो. ऊस नव्हता, यंत्र बिघडले, वीज गेली, प्रक्रियेत अडचण आली, साफसफाई होती. नोंद करण्याचा हेतू चांगला आहे. परंतु मिल उसाच्या पाचटाने आणि मातीने कोंडली, तर तो तास कोणाचा? अभियंता म्हणतो, ऊस घाण आला. शेती विभाग म्हणतो, मिलची घडण ढिली आहे. दोन तास मिल बंद होती आणि पुढचे चार तास तो तास कोणाच्या रकान्यात लिहायचा यात गेले, असे घडू लागले, की समजावे, नोंदवही मालक झाली आणि कारखाना तिचा चाकर. पाचट कमी कसे येईल, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यात मिल पुन्हा कोंडते.

या मुलखात याच्या उलट उदाहरण शोधायचे, तर ते शंभर वर्षांहून अधिक मागे आणि फार तर एका डोंगररांगेच्या अंतरावर आहे. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. १९१० साली ही दोन्ही ठिकाणे एकाच संस्थानाच्या छत्राखाली होती. बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ दिला. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन वसाहत उभी राहिली. तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी बेळगावच्या काळात पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली होती, ही आठवण त्या सर्वांच्या गाठीशी होती. म्हणजे उत्तम माल तयार करणे आणि तो घेणाऱ्याच्या मनात उतरणे, ही दोन वेगळी कामे आहेत, हा धडा या कारखान्याने जन्मापूर्वीच गिरवला होता.

किर्लोस्करवाडीची माणसे पाहिली, की आजच्या कोणत्याही भरती अधिकाऱ्याला घाम फुटेल. शंभोराव जांभेकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कारखान्याचे अव्वल अभियंते झाले. अनंतराव फळणीकर हेही शाळा सोडलेले, पण कल्पक यंत्रज्ञ. के. के. कुलकर्णी परीक्षांत अपयशी ठरलेले, ते पडेल ते काम उचलणारे व्यवस्थापक आणि पुढे कंपनीचे प्रवक्ते झाले. मंगेशराव रेगे कारकून आणि मुख्य हिशेबनीस. वसाहतीची आखणी व देखरेख लक्ष्मणरावांचे बंधू रामुअण्णा यांच्याकडे. राखणदारीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले. पुढे पुतणे शंकरराव आले, ते तर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांनी जाहिरात हाती घेतली आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता सांगण्यासाठी निघालेले ते पत्र पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले.

इतकी भिन्न प्रकृतीची माणसे एका माळावर कशी टिकली? औदार्य, ध्येयवाद ही उत्तरे नेहमी दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण एक कमी बोलले जाणारे कारणही आहे. या माणसांना एकमेकांपासून लपायला जागा नव्हती. ओतशाळा, जोडणी, हिशेब आणि विक्री हे सारे एका हाकेच्या अंतरात होते. ओतकामात दोष राहिला, तर गिऱ्हाइकाची तक्रार घेऊन येणारा माणूस संध्याकाळी त्याच वसाहतीत, त्याच वाटेने घरी जाणार. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा ही अडचण केवळ ओतशाळेची राहिली नाही. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर काम चालवण्याची खटपट झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. कच्चा माल मिळवणे हे खरेदी विभागाचे काम, असे म्हणून बाकीचे गप्प बसले असते, तर त्या चार वर्षांतच माळावर पुन्हा निवडुंग उगवला असता.

साताऱ्याच्या बाजूलाही असाच एक प्रवास झाला. धनजीशा कूपर यांच्या सातारा रोड येथील कारखान्याने नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली आणि पुढे तो वालचंद समूहाकडे आला. सोलापूरच्या जैन घराण्यातून आलेल्या वालचंद हिराचंदांनी ज्या वालचंदनगरची उभारणी केली, तेथे साखर तयार करणारे आणि साखर कारखान्यांची यंत्रे तयार करणारे एकाच वसाहतीत राहत होते. यंत्र कोठे अडते हे यंत्र चालवणाऱ्याकडून ऐकायला यंत्रकाराला लांबचा प्रवास करावा लागत नव्हता. या सोयीचे मोल त्या काळच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

मात्र जुन्या वसाहतींचे गुणगान करून थांबणे भाबडेपणाचे होईल. पंचवीस माणसांत जे सहज घडते, ते अडीचशे माणसांत आपोआप घडत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श या दोन प्राध्यापकांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न हाताळला. प्लास्टिक, खाद्यपदार्थ आणि डबे-बाटल्यांचे उत्पादन या तीन उद्योगांतील दहा संस्था त्यांनी तपासल्या. सर्वसाधारण समजूत अशी, की विभागांत जितके सारखेपण, तितकी एकी. त्यांना प्लास्टिकसारख्या वेगाने बदलणाऱ्या धंद्यात उलटे दिसले. सर्वांत यशस्वी संस्थेत विभाग एकमेकांपासून अधिक भिन्न होते. संशोधन करणारे वर्षांच्या भाषेत बोलत, विक्रीवाले आठवड्यांच्या, उत्पादनवाले आजच्या पाळीच्या. तरीही त्यांच्यातील सांधा अधिक घट्ट होता. मतभेद झाले की ते दाबले जात नसत किंवा वरच्या साहेबाच्या हुकमाने मिटवले जात नसत. ते टेबलावर मांडले जात, आणि ज्याला त्या बाबतीत खरे ज्ञान आहे, त्याच्या शब्दाला वजन असे, मग त्याचा हुद्दा कोणताही असो. सांधा जुळवण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांचे मोलही एका विभागाच्या आकड्यावर न ठरता सर्वांच्या मिळून झालेल्या कामगिरीवर ठरे. डबे-बाटल्यांच्या स्थिर धंद्यात मात्र वरून होणारे निर्णयही पुरेसे ठरत होते, हेही त्यांनी नोंदवले. त्यामुळे प्रत्येक धंद्याला एकच औषध नाही. ज्याच्या बाजारात वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही, तेथे थोरल्या काकांचा शब्द अखेरचा, ही रीत आजही चालू शकते.

परंतु असा स्थिर बाजार आज कोणाचा राहिला आहे? सांगलीच्या हळद पेठेचेच पाहावे. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे. जमिनीखालच्या त्या बंद पोकळीत किडीला हवाच मिळत नसे. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरले आणि मोठी हानी झाली. पुढे साठवण गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळत गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. भाव आता केवळ सौद्याच्या ओट्यावर ठरत नाहीत, ते वायद्याच्या पडद्यावरही हलतात. ही उलथापालथ ज्या पेढ्यांच्या उंबरठ्यावर झाली, त्यांपैकी बहुतेक पेढ्यांत ‘विभाग’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. तेथे थोरले अण्णा सौदा पाहतात, मधले अप्पा परगावच्या व्यापाऱ्यांना माल देतात, धाकटे दादा गोदाम आणि वाहतूक सांभाळतात, पुतण्या वसुलीला फिरतो आणि सूनबाई संगणकावर हिशेब व कराची विवरणपत्रे पाहतात. नावे नात्यांची, पण रचना विभागांचीच.

येथे साखर कारखान्यापेक्षा एक अडचण अधिक आहे. कारखान्यातील अभियंता आणि रसायनतज्ज्ञ पाळी संपली की वेगवेगळ्या घरी जातात. पेढीतील विक्री आणि वसुली एकाच पंगतीला बसतात. त्यामुळे कामातील मतभेद बोलला, तर तो नात्यातील मतभेद ठरेल, या भीतीने बोललाच जात नाही.

एक नेहमीचे चित्र कल्पनेने रंगवता येईल. समजा, अप्पांनी हंगामात परगावच्या एका व्यापाऱ्याला साठ दिवसांच्या उधारीवर मोठा माल दिला. विक्रीचा आकडा फुगला आणि दिवाळीच्या वहीपूजनाला सर्वांनी त्यांचे कौतुक केले. त्या व्यापाऱ्याचे मागचे येणे चार महिने थकले आहे, हे पुतण्याला ठाऊक होते. पण काकांच्या सौद्यावर बोट ठेवणे त्याला अनुचित वाटले. साठ दिवसांचे दीडशे दिवस झाले, बँकेच्या कर्जावरील व्याज वाढत गेले, आणि जेव्हा ते उघड झाले, तेव्हा वसुली ढिली म्हणून बोल पुतण्याला लागला. येथे उधारी मंजूर करणारा एक आणि तिचे ओझे वाहणारा दुसरा आहे, आणि माल सुटण्यापूर्वी या दोघांचे एकमेकांशी बोलणे झाले पाहिजे, असा नियमच पेढीत नाही. पुढे वाटणीची वेळ येते, तेव्हा हीच रक्कम काकांच्या आणि पुतण्याच्या बाजूंत तंट्याचे मूळ होते. अनेक जुन्या पेढ्यांच्या पाट्यांवर एका नावाची दोन नावे झाली, त्यांतल्या काहींचे मूळ भावाभावांच्या स्वभावात नव्हते. ते असल्याच एखाद्या न झालेल्या बोलण्यात होते.

खरेदी आणि हिशेब यांच्यातील दरी तर आता थेट कायद्याने महाग केली आहे. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत, विकणाऱ्याने आपले बिल पोर्टलवर चढवले नाही, तर घेणाऱ्याच्या विवरणात ते दिसत नाही आणि भरलेल्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही. सौद्यावर पाच-दहा रुपयांची घासाघीस करणारे अण्णा, समोरचा माणूस बिले वेळेवर चढवतो का, हे विचारत नाहीत, कारण ते त्यांचे काम नव्हे. सूनबाईंना ते ठाऊक असते, कारण दर महिन्याला कोणाची बिले जुळत नाहीत, त्यांची यादी त्यांच्यासमोरच असते. पण खरेदी कोणाकडून करावी, हे त्यांना कोणी विचारत नाही.

आयकरातील तरतूदही अशीच आहे. सूक्ष्म व लघु उत्पादकांचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत चुकते केले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरला जात नाही, असा दंडक आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झाला. समजा, दादांनी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराकडून पोती आणि पिशव्या नव्वद दिवसांच्या उधारीवर मिळवल्या आणि आपण मोठा फायदा केला, असे मानले. मार्चअखेर सनदी लेखापालाने ती रक्कम उत्पन्नात धरली आणि त्यावर कर आला. उधारीने वाचलेल्या व्याजापेक्षा भरावा लागलेला कर अधिक. शिवाय तो लहान कारखानदार तीन महिने पैशावाचून अडकला, तो भाग वेगळाच. दादांनी सौदा करण्यापूर्वी घरातल्या घरात एक प्रश्न विचारला असता, तर हे टळले असते. पण खरेदीतले काही हिशेबवाल्यांना विचारायचे असते, ही रीत घरात कधी पडलेलीच नव्हती.

यावर उपाय म्हणून मोठमोठ्या संगणक प्रणाली विकणारे पुष्कळ आहेत. सर्व विभागांची माहिती एका पडद्यावर, असे त्यांचे आश्वासन असते. माहिती एका पडद्यावर आली, तरी ती पाहून कोणी कोणाला काय म्हणावे, हे पडदा ठरवत नाही. साखर कारखान्यात पाचटाचा आकडा दोन्ही विभागांना दिसतो. तरीही प्रश्न रकान्यातच अडकतो. फरक पडतो तो आकडा कोणाच्या नावावर लिहायचा, यातल्या बदलाने. पाचटाने मिल कोंडल्याचा तास निम्मा शेती विभागावर आणि निम्मा अभियांत्रिकीवर लिहावा, असे ठरले, तर दोघांनाही फडात जाऊन तोडणी टोळीच्या मुकादमाशी बोलण्याची निकड वाटू लागेल. वाहनतळावर बारा तासांहून अधिक थांबलेल्या उसाचे वजन शेती विभागाच्याच दैनिक तक्त्यावर लिहिले, तर रांग पाहून होणारी स्वस्थता कमी होईल. दोन्ही उपायांना कागदाखेरीज काहीही खर्च नाही. विरोध मात्र होईल, कारण आजवर दुसऱ्याच्या वहीत पडणारा आकडा आपल्या वहीत येणार.

पेढीतही तसेच करता येते. विक्रीचा आकडा माल सुटल्याच्या दिवशी न धरता पैसे आल्याच्या दिवशी धरावा, म्हणजे अप्पांना वसुलीची आपोआप आठवण राहील. ठरावीक रकमेवरच्या उधारीच्या चिठ्ठीवर विकणाऱ्याची आणि वसूल करणाऱ्याची अशा दोन सह्या असाव्यात. पुतण्याला काकांसमोर ‘नको’ म्हणायला जड जाते. सही न करणे त्या मानाने सोपे असते, कारण तेथे पुतण्या बोलत नाही, पेढीची रीत बोलते. खरेदीदारांची यादी तिमाहीतून एकदा सूनबाईंनी मांडावी, कोणाची बिले उशिरा चढतात, कोणाची जुळत नाहीत, कोणाचे देणे किती दिवसांत चुकते करणे कायद्याने भाग आहे, आणि ती ऐकायला अण्णांनी स्वतः बसावे. पहिल्या वेळी ते मध्येच उठून फोन घेतील. दुसऱ्या वेळी एखादे नाव ऐकून म्हणतील, ‘हा माणूस असा आहे होय? मला वाटत होते, तुम्हीच उगाच कागद मागता.’

असे एक वाक्य पेढीत एकदा उच्चारले गेले, की पुढच्या हंगामातील सौदे थोडे निराळे होतात. सौद्याच्या ओट्यावर अण्णा भाव बोलतात, आणि हात पुढे करण्यापूर्वी समोरच्याला बिल किती दिवसांत चढेल, हेही विचारून घेतात.